सीरमच्या बाटलीतलं पेप्टाइड

नमस्कार मंडळी! म्हापसा घ्या नाहीतर मडगाव, कुठल्याही फार्मसीत शिरा, काउंटरवर चेहऱ्याला लावायचं पेप्टाइड सीरम असणारच, आणि दोन थेंब लावले की दहा वर्षं कमी असा एकंदर सूर. म्हटलं आज यावरच बोलूया.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, प्रोटीनचाच तुकडा. त्वचेला घट्ट ठेवणारं प्रोटीन, म्हणजे कोलॅजन, तुटलं की असे तुकडे सुटतात आणि पेशींना निरोप जातो, बाबांनो इथे नवीन कोलॅजन बनवा. सीरमवाले हाच निरोप बाहेरून धाडायला बघतात. कल्पना झकास, पण निरोप पोचायला नको का! त्वचेचा वरचा थर ५०० डाल्टनच्या (हे रेणूचं वजन मोजायचं माप) वरच्या रेणूला सहसा आत घेत नाही, त्यात पेप्टाइड पाण्यात विरघळणारं आणि हा थर तेलकट, म्हणून त्याला एका फॅटी आम्लाची शेपटी जोडतात, लेबलवर 'पाल्मिटॉइल' लिहिलेलं असतं ते हेच. पाल्मिटॉइल पेंटापेप्टाइडची चाचणी २००५ साली छापून आली, ९३ बायका, अर्ध्या चेहऱ्याला पेप्टाइडवालं क्रीम, अर्ध्याला बिनपेप्टाइडचं, १२ आठवडे. बारीक सुरकुत्या कमी झाल्या, पण थोड्याच. आणि प्रमाण किती, तर दहा लाख भागांत ३! मग काही बाटल्यांवर '१० टक्के पेप्टाइड' लिहितात ते कसले? बहुतेक वेळा पेप्टाइड घातलेल्या द्रावणाचे, शुद्ध पेप्टाइडचे नव्हेत.

'बाटलीतलं बोटॉक्स' म्हणून अ‍ॅसिटिल हेक्सापेप्टाइड खपवतात, त्यावर माझा काही विश्वास बसत नाही बुवा. बोटॉक्स म्हणजे स्नायू सैल करून सुरकुत्या कमी करणारं औषध, ते सुईने थेट स्नायूत जातं, हे बहुतेक वरच राहतं.

निळसर सीरम दिसलं तर ते कॉपर पेप्टाइड, निळा रंग तांब्याचा. संशोधक लॉरेन पिकार्ट यांना हे पेप्टाइड १९७३ साली माणसाच्या रक्तद्रवात सापडलं. ते आणि व्हिटॅमिन सी एकावर एक थापू नका, तांब्यामुळे व्हिटॅमिन सी लवकर खराब होतं, एक सकाळी लावा एक रात्री.

आणि आपलं ऊन! मिरामारच्या किनाऱ्यावर दुपारी उघड्या तोंडाने फिरायचं आणि रात्री महागडं सीरम लावायचं, ह्याला काय अर्थ आहे? कोलॅजन तोडायचं काम हे ऊनच करतं. खिशात एकाच बाटलीचे पैसे असतील तर आधी सनस्क्रीन घ्या, उरले तर पेप्टाइड, आणि घेतलंच तर तीन महिने तरी नेमाने लावा, आठ दिवसांत आरशात काही दिसणार नाही.