स्प्रेडर घ्यायचा, पण कुठल्या खतासाठी?

मघाशी आत येताना एकानं दारातच गाठलं. म्हणाला, "बाकी काही नको, स्प्रेडर किती टनाचा घेऊ तेवढं सांगा." स्प्रेडर म्हणजे ट्रॅक्टरमागे ओढत रानात शेणखत पसरायचं यंत्र. मी विचारलं, "तुमच्या उकिरड्यात काटेफावडं मारलं तर काय निघतं?" तो जरा चिडलाच. यंत्राचं विचारायला आलो आणि हा माणूस उकिरड्याचं विचारतोय! पण मित्रहो, माझं आजचं सगळं बोलणं त्या काटेफावड्यावरच आहे. स्प्रेडर दुकानात निवडायचा नसतो, तो ढिगाजवळ उभं राहून निवडायचा असतो.

फावडं मारा आणि वर उचला. खत दातांतून गळून गेलं तर ती राबडी. लांबलचक काडी लोंबत राहिली, झटकल्याशिवाय सुटेना, तर ते अर्धकच्चं. आणि फावडं सहज शिरलं, उचललेलं खत हातावर घेतल्यावर चहाच्या चोथ्यासारखं सुटं झालं, तर ते कुजलेलं. तिघांना तीन तऱ्हेची यंत्रं लागतात. तिन्ही कामं एकच यंत्र करतं असं विकणारा सांगेल, आणि तो अगदीच खोटं बोलत नसतो. करतं, पण एक काम नीट करतं आणि दोन रडतखडत.

अर्धकच्च्या, काडीच्या खताला फाडणारं यंत्र हवं. पेटीच्या तळाशी साखळी असते, तिच्यावर आडव्या पट्ट्या, त्या खत हळूहळू मागे ढकलतात, आणि मागे दातेरी रोटर ते फाडून फेकतात. रोटर आडवे असले तर खत छान बारीक होतं, पण पट्टा पेटीपेक्षा थोडाच रुंद पडतो. उभे असले तर दोन्ही बाजूंना फेकतात, सहा-आठ मीटरपर्यंत सहज. कुजलेलं खत, कोंबडीखत, चुना यांच्यासाठी रोटरच्या खाली फिरत्या चकत्या असतात, त्या दहा-बारा मीटर किंवा त्याहून लांब फेकतात. राबडीला मागून उघडी पेटी चालतच नाही, अर्धं रस्त्यावर सांडतं. तिला खाली निमुळती, आत मळसूत्र असलेली आणि बाजूनं फेकणारी पेटी लागते, आणि अगदीच पाणी असेल तर सरळ टँकर.

ही अक्कल मला फुकट मिळालेली नाही. माझा पहिला स्प्रेडर चकत्यांचा होता. रुंद फेकतो म्हणून भाळलो. माझं खत अर्धकच्चं, त्यात गवताच्या पेंढ्या बांधायची प्लास्टिकची सुतळी. पहिल्याच दिवशी तिसऱ्या खेपेला रोटरवर सुतळीचा असा लपेटा बसला की तो लोखंडाइतका टणक झाला. उन्हात पाठीवर झोपून खिशातल्या चाकूनं कापत बसलो, अर्धा दिवस गेला. यंत्राचा काही दोष नव्हता. ढीग माझा, सुतळी माझी.

रुंद फेकण्याची गंमत तशी जुनी आहे. सुरुवातीचे स्प्रेडर गाड्याच्या रुंदीएवढ्याच पट्ट्यात खत टाकायचे. १८९९ मध्ये अमेरिकेत ओहायोमधल्या जोसेफ ओपनहाइम नावाच्या शाळामास्तरानं मागे तिरक्या फळ्यांचं फिरतं चाक बसवलं आणि खत चाकांच्या बाहेर उडायला लागलं. एका शाळामास्तराला हे सुचलं, याचं मला फार कौतुक वाटतं. रुंदी वाढली की तेवढ्याच रानात फेऱ्या कमी होतात, चाकं कमी फिरतात, माती कमी दबते.

पण रुंद म्हणजे सारखं नव्हे. हाच आजच्या बोलण्यातला मुद्दा आहे, आणि यावर मी जरा रेंगाळणार आहे.

रानात ढीग टाकून फावड्यानं विस्कटलेलं खत आपण सगळ्यांनी पाहिलंय. महिन्याभरानं पीक वर आलं की ढिगांच्या जागा लांबूनही मोजता येतात. तिथं काळपट हिरवं, गुडघ्याएवढं. मधल्या जागेत पिवळट, खुरटलेलं. स्प्रेडर घेतला तरी हेच होऊ शकतं, फक्त गोल डागांऐवजी लांब पट्टे दिसतात. कारण कुठलाही स्प्रेडर मधोमध जास्त टाकतो आणि कडेला कमी. शिवाय पेटी भरलेली असताना सुरुवातीला आणि संपत आल्यावर शेवटाला पातळ पडतं. म्हणून शेजारच्या फेरीनं आधीच्या फेरीची कड झाकावी लागते. यंत्र बारा मीटर फेकतं असं पत्रकात लिहिलेलं असलं, तरी कामाची रुंदी त्याहून बरीच कमी धरा.

मात्रेचा हिशोब सोपा आहे. चांगल्या कुजलेल्या शेणखतात साधारण अर्धा टक्का नत्र असतं. हेक्टरी १० टन टाकलं तर ५० किलो नत्र गेलं, त्यातलं पहिल्या वर्षी पिकाला काही भागच मिळतं. हेक्टरी १० टन म्हणजे चौरस मीटरला बरोबर १ किलो. आता तुमची पेटी २ टनांची आणि कामाची रुंदी ६ मीटर असेल, तर पेटी ३३० मीटरच्या आसपास रिकामी व्हायला हवी. दोनशे मीटरला संपली तर तुम्ही दीडपटीहून जास्त टाकताय. पाचशेला संपली तर फसवणूक स्वतःचीच.

आणि हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. एक मीटर लांब-रुंद अशा चार-पाच ताडपत्र्या घ्या, स्प्रेडरच्या वाटेवर आडव्या ओळीत अंथरा, एक मधोमध, बाकीच्या कडेकडेला. वरून जा. मग प्रत्येक ताडपत्री गोळा करून काट्यावर ठेवा. किलोला दहानं गुणलं की हेक्टरी टन. मधल्या ताडपत्रीवर दोन किलो आणि कडेच्या ताडपत्रीवर पाव किलो आलं तर फेऱ्या जवळ घ्या. यंत्र विकत घेण्याआधी हा प्रयोग करू द्यायला जो तयार नाही, त्याच्याकडून मी तरी घेणार नाही.

आता टनाकडे येतो, कारण दारातला तो माणूस समोरच बसलाय. पत्रकात क्षमता लिहिलेली असते, पण विचारा, सपाट भरून की शीग लावून? दोन्हीत मोठा फरक पडतो. शिवाय घनमीटर आणि टन हे एक नव्हेत. कुजलेलं मोकळं खत घनमीटरला सहाशे किलोच्या आसपास भरतं, ओलं ताजं शेण जवळजवळ टनभर. तीन घनमीटरच्या पेटीत कुजलेलं भरलं तर पावणेदोन-दोन टन, ओलं शेण भरलं तर तीन टन. पेटी तीच, आस तोच, आणि वरून दिसायलाही सारखंच दिसतं. आस मोडतो तेव्हा लक्षात येतं.

मोठी पेटी घेतली की काम लवकर होतं, हाही अर्धाच खरा हिशोब. समजा २ टनांची खेप: भरायला ८ मिनिटं, जाण्यायेण्यात ८, पसरायला ४. वीस मिनिटांत २ टन. पेटी दुप्पट केली तर भरायला १६, पसरायला ८, जाणंयेणं तेच ८. बत्तीस मिनिटांत ४ टन. म्हणजे पेटी दुप्पट झाली, काम सव्वापटच वाढलं, कारण घोडं भरण्यापाशी अडलंय. तिथं मोठ्या पेटीपेक्षा लोडरचं मोठं बकेट जास्त कामाला येतं. रान लांब असेल, जाण्यायेण्यात अर्धा तास जात असेल, तर मात्र मोठी पेटी घ्या, तिथं ती पैसे वसूल करते. आणि हो, बकेटची रुंदी पेटीच्या लांबीत बसते का आणि पेटीचा काठ लोडरच्या उंचीला येतो का, हे फितीनं मोजून बघा. हसू नका, न मोजता घेणारे मी पाहिलेत.

वजनाची दुसरी बाजू मातीची. वरच्या थरातला दाब टायरच्या हवेवर ठरतो, रुंद टायर आणि कमी हवा असली की तो सुसह्य होतो. खोलवरचा दाब मात्र आसावरच्या एकूण वजनावर ठरतो, आणि तिथली दबलेली माती नांगरानं सुटत नाही. ओल असताना भरलेला स्प्रेडर रानात घालू नका. उतारावर भरलेली पेटी हलक्या ट्रॅक्टरला मागून ढकलते, म्हणून ट्रॅक्टर नुसता ओढू शकतो का हे पाहून भागत नाही, थांबवू शकतो का हेही बघा.

ताकद कुठून घ्यायची? लहान ढिगांसाठी चाकांवर चालणारा स्प्रेडर मला अजून आवडतो. चाक फिरलं की साखळी आणि रोटर फिरतात. तुम्ही हळू गेलात तर तेही हळू, म्हणून मात्रा आपोआप सारखी राहते. पीटीओवरच्या, म्हणजे ट्रॅक्टरच्या इंजिनाकडून ताकद घेणाऱ्या फिरत्या शाफ्टवरच्या, यंत्रात तसं नसतं. पीटीओचे फेरे तेच ठेवून गिअर खाली घेतला आणि गती निम्मी झाली, तर खत दुप्पट पडतं. पण चाकांचा स्प्रेडर चिखलात घसरतो, आणि उभ्या जागी रिकामा करता येत नाही. ओलं, जड खत असेल किंवा पेटी मोठी असेल तर पीटीओशिवाय पर्याय नाही.

पीटीओचं नाव निघालंच आहे तर एवढं ऐका. ५४० फेरे मिनिटाला म्हणजे सेकंदाला नऊ. शाफ्ट जाडीला आठ सेंटीमीटर धरला तर सेकंदाला दोन मीटरच्या वर कापड तो गुंडाळतो. बाही अडकली हे मेंदूला कळेपर्यंत हात गेलेला असतो. शाफ्टवरचं आवरण फुटलेलं असेल तर ते यंत्र त्या दिवशी चालवायचं नाही. रोटर अडकला तर पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, मग हात. आणि शिअर बोल्ट तुटला की त्याच्या जागी कडक पोलादी बोल्ट ठोकायचा नाही. तो तुटण्यासाठीच असतो, तो नाही तुटला तर गिअरबॉक्स तुटतो.

वापरलेलं यंत्र घेणाऱ्यांनी एक पेचकस बरोबर न्यावा. रंग बघू नका, रंग विकायच्या आदल्या दिवशी लागतो. बाजूचा पत्रा तळाला जिथं मिळतो त्या कोपऱ्यात ओलं खत सगळ्यात जास्त काळ बसून राहतं. तिथं पेचकसाचं टोक दाबा. आत शिरलं तर विषय संपला. मग साखळी हळू फिरवायला लावा आणि पट्ट्या बघत राहा. तिरप्या चालल्या तर एक साखळी दुसरीपेक्षा ताणलीय. दातचक्राचे दात मांजराच्या नखांसारखे टोकदार झाले असतील तर साखळीबरोबर तेही बदलावे लागतील, तो खर्च किमतीत धरा. फळ्यांचा तळ असेल तर पट्ट्यांच्या खाली वाकून बघा, कुजतो तो तिथूनच.

बाहेर उभे रोटर असलेला स्प्रेडर भरून ठेवलाय, पाच ताडपत्र्याही अंथरल्यात. काटा कुणीतरी धरा, दारात भेटलेल्यांनीच धरला तर बरं. मधल्या ताडपत्रीवर किती किलो येईल याचा अंदाज आधी मनात धरा, मग तोलू.