पॅनेलच्या पाठीवर काय लिहिलंय?

अध्यक्ष महोदय, चिटणीस, आणि पंख्याखाली जागा मिळाली नाही तरी भुसावळच्या उकाड्यात बसून राहिलेली मंडळी,

पत्रिकेत विषय छापलाय ‘सौर पॅनेल घेताना काय पाहावं’. त्यावर येतोच. आधी दिल्लीकडच्या सौर प्रदर्शनात माझं काय झालं ते सांगतो. घरी आता कोणी ऐकून घेत नाही.

नाव नोंदवताना ‘आपण कोण’ अशी यादी उघडते. डेव्हलपर, म्हणजे मोठे सौर प्रकल्प उभारणारे, गुंतवणूकदार, सल्लागार, सरकारी अधिकारी. खालपर्यंत जाऊन आलो, शेतकरी कुठेच नाही. आयटीआयत तीस वर्षं वायरमन घडवले, तो मास्तरही नाही. शेवटी पहिलंच नाव दाबलं आणि गळ्यात पट्टा आला: डेव्हलपर!

हॉलमध्ये एसी असा, की मी पिशवीतला मफलर काढला. पहिल्याच मोठ्या स्टॉलवर कोटातल्या पोरानं पट्टा वाचला. “सर, कितना लगाना है?” मी म्हटलं, “पाँच.” पाच एचपीचा पंप आहे माझा, खोटं कशाला बोलू? लगेच सोफा मिळाला, काजूची वाटी आली. “और ज़मीन?” म्हटलं, “साडेचार एकर.” पोरगं खूश. “पर मेगावॅट? परफेक्ट, सर!” त्यांच्या धंद्यात एका मेगावॅटला चार-पाच एकर धरतात. म्हणजे माझं उत्तर अगदी गाइडातलं! मग त्याचा साहेब आला. सबस्टेशन किती लांब, म्हणाला. मी म्हटलं, “सबस्टेशन का क्या काम? कुएँ से पानी निकालना है.”

सगळे गप्प. माझा हात काजूच्या वाटीत. पाच एचपी म्हणजे जेमतेम पावणेचार किलोवॅट, आणि ते पाच हजार किलोवॅटचं गिऱ्हाईक समजून बसलेले. हात काढला, पण भरलेलाच काढला.

पोराचा राग नाही. पण पुढे प्रत्येक स्टॉलवर मी एकच विचारत गेलो: बिघडलं तर आमच्या तालुक्यात कोण येणार? सतरा ठिकाणी सतरा पेनं मिळाली.

चिठ्ठी आली. सात मिनिटं म्हणतात. बरं.

पॅनेलच्या पाठीवर लेबल असतं. त्यावर ५५० वॅट लिहिलेले असतात, ते सेल, म्हणजे पॅनेलमधले वीज बनवणारे तुकडे, २५ अंशांवर आणि ऊन चौरस मीटरला १००० वॅट धरून. त्या हॉलमध्ये २५ अंश होते, ऊन मात्र ट्यूबलाइटचं. आपल्याकडे मे महिन्यात सेल ६५ अंशांवर सहज जातो. कंपनीच्या माहितीपत्रकात टेम्परेचर कोइफिशंट दिलेला असतो, म्हणजे सेल एक अंश तापला की वीज किती टक्के घटते तो आकडा. समजा, अंशाला उणे ०.३५ टक्के. चाळीस अंश वाढले की १४ टक्के गेले, साडेपाचशेचे उरले ४७३. खानदेशात वॅटच्या आधी हा आकडा विचारा, जितका लहान तितका बरा. आणि पॅनेल पत्र्याला चिकटवून बसवू देऊ नका. खालून वारा खेळला पाहिजे.

हमी. २५ वर्षं जी सांगतात, ती वीज किती घटेल याची. वस्तूची हमी वेगळी, इन्व्हर्टरची आणखी वेगळी. दोन्ही लिहून घ्या. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’मध्ये ५ वर्षं दुरुस्तीची हमी आहे, तो कागद जपा. घराच्या छतासाठी सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, पण पाना घेऊन येणारा माणूस अनुदानात मिळत नाही. त्याचा नंबर आधी घ्या, मग सही करा.

सावली. पॅनेलं माळेसारखी जोडलेली असतात. एकाच्या कोपऱ्यावर कडुनिंबाची फांदी आली, की अख्खी माळ अडखळू शकते. धुताना बोअरचं क्षाराचं पाणी नको, पांढरे डाग बसतात. साबणाची पावडर नको. आणि भर दुपारी तर नकोच, तापल्या काचेवर गार पाणी पडलं तर तडा जायचा.

चिटणीस उभे राहिले. एकच मिनिट, साहेब, हे तुमच्यासाठीच आहे. वाचनालयाच्या गच्चीवर पॅनेलं आहेत ना? येताना मी वर डोकावलो. कबुतरांनी लेबलापेक्षा जास्त मजकूर लिहून ठेवलाय. आता पावणेसात झालेत, काच निवली असेल. चहा वरच मागवा आणि पिण्याच्या पाण्याच्या दोन बादल्या घ्या. फडकं माझ्या पिशवीत आहे, प्रदर्शनात फुकट मिळालेलं.