हबल स्थिरांक आणि विश्वाचं वय

श्रोतेहो, नमस्कार. कागद-पेन जवळ असेल तर एक आकडा लिहून घ्या: ७०. हा हबल स्थिरांक. दर मेगापार्सेकमागे, म्हणजे ३२ लाख ६० हजार प्रकाशवर्षांमागे, दीर्घिकांचा, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या समूहांचा, दूर जाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ७० किलोमीटरनं वाढतो. विश्व प्रसरण पावतंय, म्हणून. अंतराला वेगानं भागलं की इतकं दूर जायला लागलेला वेळ, म्हणजे विश्वाचं वय, कळतं. मेगापार्सेकचे किलोमीटर करा, ७० नं भागा आणि आलेल्या सेकंदांची वर्षं करा. साधारण १४०० कोटी भरतात. प्रसरणाचा वेग कायम सारखा नव्हता. ती दुरुस्ती केली की विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं येतं.

१९२९ साली खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांचा आकडा मात्र ५०० च्या आसपास होता. त्यानं भागलं तर वय जेमतेम २०० कोटी वर्षं, पृथ्वीच्या जुन्या खडकांहूनही कमी! वेग ठीक होते, ते वर्णपटातल्या, म्हणजे प्रकाशाच्या विभागलेल्या रंगपट्ट्यातल्या, रेषा किती सरकल्या यावरून कळतात. चुकली होती अंतरं.

अंतरं मोजतात सेफीड ताऱ्यांवरून. त्यांचं तेज ठरावीक दिवसांनी कमी-जास्त होतं, आणि हा कालावधी जितका मोठा तितका तारा मुळात तेजस्वी, हे खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये दाखवलं. मूळ तेज कळलं की दिसणाऱ्या तेजावरून अंतर निघतं: चौपट मंद, तर दुप्पट दूर.

असा तारा आपल्याला नुसत्या डोळ्यांनी दिसतो. पावसाळा सरला की नागपूरच्या उजेडापासून लांब, रामटेकच्या बाजूला जा. संध्याकाळी उत्तरेला शर्मिष्ठा हा तारकासमूह, तिच्या शेजारी वृषपर्वा. त्यातला डेल्टा तारा रोज जवळच्या झीटा आणि एप्सिलॉनशी ताडून पाहा. सुमारे दीड दिवसात तो झीटाच्या जवळपास उजळतो, मग चारेक दिवस हळूहळू एप्सिलॉनहूनही मंद होत जातो. फेरी ५ दिवस ९ तासांची.

सेफीडचे दोन प्रकार असतात. कालावधी सारखा असला तरी एक सुमारे चौपट तेजस्वी. हबल यांच्या वेळी दोन्ही एकच धरले जात. खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडे यांनी १९५२ मध्ये हा घोळ निस्तरला, आणि आपल्या शेजारची देवयानी दीर्घिका एकदम दुप्पट दूर गेली. अंतरं वाढली, तसा हबल स्थिरांक घटला आणि विश्वाचं वय वाढलं.

आजचा पेच बारीक आहे, पण खरा आहे. सेफीड आणि अतिनवतारे, म्हणजे स्फोट होऊन उजळणारे तारे, यांवरून हबल स्थिरांक ७३ येतो. प्लँक उपग्रहानं टिपलेल्या आद्य प्रारणावरून, म्हणजे विश्वाच्या बालपणापासून उरलेल्या प्रकाशावरून, ६७.४, पण हा थेट मोजलेला नाही, विश्वात ५ टक्के साधं द्रव्य, २७ टक्के न दिसणारं कृष्णद्रव्य आणि ६८ टक्के प्रसरणाला वेग देणारी कृष्णऊर्जा मानणाऱ्या प्रतिमानातून (मॉडेलमधून) काढलेला आहे. शेजारच्या ताऱ्यांचा उजेड मिसळून सेफीड जास्त तेजस्वी, म्हणून जवळचे भासत असतील आणि त्यामुळे ७३ हा आकडा फुगला असेल, अशी रास्त शंका होती. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीनं ते तारे सुटे करून पाहिले. अंतरं जुन्या मोजमापांशी जुळली. आठ टक्क्यांची तफावत जागच्या जागी आहे.