आधी सरळ करा, मग बेरीज करा: ७ टेस्लावरचं हलतं चुंबकीय क्षेत्र

नमस्कार मंडळी. गेल्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय: "शिमिंग उत्तम झालं होतं, तरी स्पेक्ट्रममधली शिखरं पसरट का?" आज त्यावरच बोलते. विषय आहे एमआरआय स्कॅनरमधली स्पेक्ट्रोस्कोपी: मेंदूतल्या रसायनांचे संकेत फ्रिक्वेन्सीनुसार मांडले की स्पेक्ट्रम मिळतो, आणि त्यात रसायनांची शिखरं दिसतात.

पाया पटकन सांगते. हायड्रोजनची फ्रिक्वेन्सी चुंबकीय क्षेत्रावर ठरते, दर टेस्लाला ४२.५८ मेगाहर्ट्झ. ७ टेस्लाला साधारण २९८. क्षेत्र हललं की फ्रिक्वेन्सी हलली. एवढंच.

आता शिमिंग. ते क्षेत्रातला जागेजागेचा फरक मिटवतं, वेळेवेळेचा नाही. तुम्ही शिम केलंत ते त्या घडीपुरतं. पुढे पेशंट श्वास घेतोच आहे. छाती वरखाली होते, फुप्फुसातली हवा कमीजास्त होते, आणि छातीपासून एवढं लांब असूनही मेंदूतलं क्षेत्र काही हर्ट्झनी झुलतं. त्यात ग्रेडियंटमुळे, म्हणजे स्कॅनमध्ये भराभर बदलणाऱ्या जादा क्षेत्रांमुळे, चुंबकातले लोखंडी शिम (क्षेत्र सारखं करणारे तुकडे) तापतात आणि फ्रिक्वेन्सी हळूहळू एकाच बाजूला सरकत राहते.

हे मी स्वतः भोगलंय. एकदा लांबलचक, ग्रेडियंट जोरात वापरणारा डिफ्यूजन स्कॅन संपल्या संपल्या स्पेक्ट्रोस्कोपी लावली. एकच मोजणी अनेकदा करून काढलेल्या सरासरीत क्रिएटिन या मेंदूतल्या रसायनाचं शिखर बुटकं आणि रुंद. अख्खी दुपार मी शिमच्या मागे लागले होते. संध्याकाळी सगळे स्कॅन सुटे करून एकाखाली एक लावले. क्रिएटिनची रेघ सरळ उभी हवी होती, ती चक्क तिरकी होती. प्रत्येक स्कॅन चांगला होता, माझी बेरीज चुकीची होती.

म्हणून हात जोडून सांगते: प्रत्येक स्कॅनची फ्रिक्वेन्सी आणि फेज (लहर कुठल्या टप्प्यावर आहे ते) आधी जुळवा, बेरीज नंतर. समजा १२८ स्कॅन, दर २ सेकंदांना एक, म्हणजे सव्वाचार मिनिटं. तेवढ्यात क्षेत्र ६ हर्ट्झ सरकलं आणि शिखर मुळात १० हर्ट्झ रुंद आहे. बेरजेनंतर अख्खा स्पेक्ट्रम डावीउजवीकडे सरकवलात तर शिखर जागेवर येईल, पण आत मिसळलेली रुंदी निघणार नाही. आणि तरीही लोक फक्त सरासरीची फाइल ठेवतात, सुटे स्कॅन पुसून टाकतात! याचा मला खरंच त्रास होतो. पेशंट तेवढा वेळ निश्चल पडून राहिला होता हो.

गाबा हे मेंदूतलं रसायन मोजणाऱ्यांनी तर कान देऊन ऐका. गाबाचं शिखर ३ पीपीएमपाशी (स्पेक्ट्रमवरची जागा पीपीएममध्ये मोजतात), थेट क्रिएटिनच्या खाली दडलेलं. म्हणून एडिटिंग पल्स (गाबाचा संकेत बदलणारी रेडिओ पल्स) चालू आणि बंद अशा दोन स्पेक्ट्रमांची वजाबाकी करतात. क्रिएटिन गाबापेक्षा कितीतरी मोठं. दोन्हींत थोड्या हर्ट्झचा फरक राहिला तरी ते पुरतं वजा होत नाही, आणि उरलेला तुकडा गाबाच्या जागेवरच बसतो. तुम्ही गाबा म्हणून तोच मोजता.

इमेजिंगवाल्यांना वाटेल आपण सुटलो. नाही. एको टाइम, म्हणजे पल्सपासून संकेत टिपेपर्यंतचा वेळ, २५ मिलिसेकंद आणि क्षेत्र ५ हर्ट्झ हललं, तर फेज ४५ अंशांनी फिरते. के-स्पेसच्या, म्हणजे ज्यातून प्रतिमा बनते त्या कच्च्या डेटाच्या, एका ओळीत श्वास आत, दुसरीत बाहेर, की प्रतिमेत भुतं, म्हणजे खोट्या सावल्या, उमटतात. इथेही तेच: ओळ न् ओळ दुरुस्त करा, मग प्रतिमा बांधा.

एका दर्शकाने विचारलंय, "केमिस्ट्रीच्या एनएमआरमध्ये लॉक असतो, तोच का नाही वापरत?" प्रश्न फार आवडला. तिथे, म्हणजे नळीतल्या नमुन्यावर हीच मोजणी करताना, द्रावकातल्या ड्युटेरियमवर (जड हायड्रोजनवर) सतत नजर ठेवून क्षेत्र जागेवर धरतात. डोकं काही ड्युटेरियमच्या द्रावकात बुडवता येत नाही. शिवाय लॉक एकच आकडा सांभाळतो, आणि श्वासाचा परिणाम मानेजवळ जास्त, टाळूकडे कमी. म्हणून प्रत्येक स्कॅनआधी पाण्याचा छोटा नॅव्हिगेटर, म्हणजे फ्रिक्वेन्सी तपासणारी झटपट मोजणी, घेतात. किंवा डोक्याभोवती क्षेत्र मोजणारे, फ्लोरीनच्या द्रवाचे बारीक प्रोब लावतात. फ्लोरीन ७ टेस्लाला २८० मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतं, त्यामुळे हायड्रोजनच्या मोजणीत लुडबुड होत नाही. त्या आकड्यांवरून शिम कॉइलचा करंट स्कॅन चालू असतानाच बदलता येतो.

आज घरी गेल्यावर एखादा जुना डेटा उघडा, सुटे स्कॅन एकाखाली एक लावा. क्रिएटिनची रेघ तिरकी दिसली तर तापमानाचा ड्रिफ्ट, नागमोडी दिसली तर बहुधा श्वास. रेघेचा स्क्रीनशॉट कमेंटमध्ये टाका, पेशंटचं नाव तेवढं पुसून.