सहीचा प्रसंग

(दृश्य: ब्रह्मपुरी तालुक्यातलं गाव. कापणी होऊन गेलेल्या धानाच्या बांध्या (शेतं), भर दुपार.)

होळी झाली की वैनगंगेपलीकडच्या वडशात नाटक कंपन्यांचा हंगाम ओसरतो. दिवाळीपासून गावोगाव रात्र-रात्र रंगलेले झाडीपट्टीचे, म्हणजे पूर्व विदर्भातल्या लोकरंगभूमीचे, कलावंत मोकळे होतात. हाती पैसा नसलेल्या सिनेमावाल्यांना हाच मुहूर्त परवडतो. पारा ४५ च्या आसपास, कॅमेरा तापून बंद पडतो, पण नट मिळतात. गर्दी मात्र दुपारीच मिळते. सकाळी अर्धं गाव तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेलेलं असतं.

इथं चाललेल्या सिनेमाची गोष्ट दोन भावांच्या वाटणीची. सेट नाही. घर खरं, चूल खरी.

कागदावर वाटणी सोपी असते. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे अर्ज, मोजणी, फेरफार, सातबारा वेगळा. बोडीचं, म्हणजे लहान तळ्याचं, पाणी आधी कोणाच्या बांधीत सोडायचं आणि म्हातारीनं कोणाकडे जेवायचं, हे मात्र कोणत्याच अर्जात विचारत नाहीत.

आणि बहीण? हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत तिचा वाटा भावांइतकाच. सिनेमातला सगळ्यात कठीण प्रसंग तिचाच आहे. हक्कसोडपत्रावर सही करायला तिला माहेरी बोलावलंय. भाऊ एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, पण त्या एका सहीपुरते दोघंही तिच्याशी गोड बोलतात. साडीसुद्धा आणून ठेवलीय.

(दृश्य: ओसरी. बहिणीची भूमिका करणारी अभिनेत्री.)

दिग्दर्शकाला हा प्रसंग दबक्या आवाजात हवाय. तिला ते जमेना. झाडीपट्टीच्या मंडपातल्या शेवटच्या माणसापर्यंत हुंदका पोचवायची तिची सवय. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती काही कुजबुजून नव्हे.

आम्हाला विचाराल तर बाई बरोबर होती. इकडे घर फुटतं ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल असंच. खेड्यातल्या माणसाला पडद्यावर मुकं करून ठेवायची खोड महोत्सवी सिनेमाला उगाच लागलीय.

पहिला टेक दिग्दर्शकाच्या मनासारखा झाला. दुसरा तिच्या. त्यात तिनं पेन उचललं, भावांकडे पाहिलं आणि संहितेत नसलेलं वाक्य टाकलं: "सई येते मले. पर आज नाई करत."

दिग्दर्शकानं दुसराच टेक ठेवला. आता सहीनंतरचे सगळे प्रसंग बदलावे लागणार. चित्रीकरणाचा दिवस वाढवायला पैसे नाहीत, म्हणजे लिहायचं ते आज रात्रीतूनच.