कट पडला नसता तर

(दृश्य : संकलनाच्या सॉफ्टवेअरमधली टाइमलाइन, म्हणजे निवडलेले तुकडे ओळीनं लावलेली पट्टी. एका आजींच्या चेहऱ्यावर थांबलेला प्लेहेड, म्हणजे आपण कुठल्या फ्रेमवर आहोत ते दाखवणारी रेघ.)

या आजी बोलता बोलता थांबतात, आणि तिथेच कट येतो. टाइमलाइनवर हा शॉट जेमतेम 4 सेकंदांचा. कॅमेऱ्यानं मात्र त्यांना सलग 11 मिनिटं पाहिलं होतं. ती सगळी 11 मिनिटं मूळ क्लिपमध्ये जशीच्या तशी आहेत. या फ्रेमवरून तिथल्या याच फ्रेमवर पोचायचं कसं?

(दृश्य : कीबोर्डवर बोट. सोर्स मॉनिटरमध्ये, म्हणजे मूळ क्लिप दाखवणाऱ्या खिडकीत, तीच फ्रेम उमटते.)

मॅच फ्रेम. प्रीमिअर प्रो किंवा दाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘एफ’ दाबायचं. टाइमलाइनवरची क्लिप ही खरं तर नुसती नोंद असते : कुठली फाइल, कुठल्या फ्रेमपासून कुठल्या फ्रेमपर्यंत. सॉफ्टवेअर ती नोंद उलटी वाचतं आणि मूळ क्लिप नेमक्या त्या जागी उघडून देतं.

मला याच्या पुढची पायरी जास्त मोलाची वाटते. डावीकडचा मूळ क्लिपचा आणि उजवीकडचा टाइमलाइनचा, असे दोन्ही मॉनिटर एकत्र बांधायचे. त्याला म्हणतात गँग.

(दृश्य : जुनं संकलन-टेबल. फिरणारी दातेरी चाकं.)

फिल्म हातानं कापत, तेव्हा टेबलावर सिंक्रोनायझर असे. एकाच दांड्यावर शेजारी शेजारी बसवलेली दातेरी चाकं. एकावर चित्राची पट्टी, दुसऱ्यावर आवाजाची. 35 मिलिमीटर फिल्मला चाकाचा एक फेरा म्हणजे एक फूट, म्हणजे 16 फ्रेम. दांडा एकच, त्यामुळे एक पट्टी सरकली की दुसरीला तेवढंच सरकावं लागे. आता तो दांडा पडद्याआड आहे. टाइमलाइनवर 10 फ्रेम पुढे गेलात, की सोर्सही 10 फ्रेम पुढे जातो.

(दृश्य : दोन मॉनिटर शेजारी शेजारी. प्लेहेड हळूहळू कट ओलांडतो.)

आता कट ओलांडू या. उजवीकडे ऐकणाऱ्या नातवाचा चेहरा आला. डावीकडे आजी अजून आहेतच. कट पडला नसता तर काय दिसलं असतं, ते इथे फ्रेमला फ्रेम लावून दिसतं. त्या आवंढा गिळतात. नजर खाली जाते. मग ओठ मिटतात. आपण आवंढ्याच्या आधीच कापलं होतं.

हे आठवणीच्या भरवशावर ठरवू नये, असं मला मनापासून वाटतं. माणूस गप्प बसतो ते क्षण आठवणीत फार लवकर आखडतात.

एक सांभाळायचं. गँगला फक्त मोजता येतं. क्लिप निम्म्या वेगानं लावली असेल, तर टाइमलाइनवरच्या 10 फ्रेममध्ये मूळच्या 5च खर्च होतात. गँग मात्र सोर्स 10 नं पुढे नेतं आणि जोडी सुटते. अशा वेळी पुन्हा मॅच फ्रेम करायचं.

(दृश्य : कटची कड उजवीकडे सरकते.)

12 फ्रेम. सेकंदाला 25 फ्रेम धरल्या, तर अर्ध्या सेकंदाला थोडं कमी. आजी आवंढा गिळतात, नजर खाली जाते, आणि मग नातू दिसतो.