‘होईल’ आणि ‘करीन’

मंडळी, नमस्कार.

खंबीर रहा, हा सल्ला आपण एकमेकांना सहज देतो. ऐकणाऱ्याला मात्र त्यातून ‘निमूट सोस’ एवढंच कळतं. सोसण्याची ताकद लागतेच, ते मान्य. पण परिस्थिती हाताबाहेर गेल्यावर तिच्यात आपल्या हाती उरलेला लहानसा तुकडा हुडकणं आणि त्याला हात घालणं, हे वेगळं कौशल्य आहे. पोहण्यासारखं ते शिकावं लागतं. आज त्याच्याविषयीच बोलू.

सुरुवात एका प्रयोगापासून करते. 1967 साली पेनसिल्वेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांच्या जोड्या लावल्या. दोघांनाही विजेचे सारखेच झटके बसत. फरक एवढाच, की एकाला डोक्याने फळी दाबून झटका थांबवता येई आणि दुसऱ्याने काहीही केलं तरी उपयोग नसे. पुढे त्यांना एका पेटीत ठेवलं. मधला बुटका अडथळा ओलांडला की सुटका. पहिल्या गटातले कुत्रे उडी मारून सुटले. दुसऱ्या गटातले बहुतेक तिथेच झटके खात बसून राहिले. असले प्रयोग आज कोणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्यातून ‘शिकलेली हतबलता’, म्हणजे ‘काही केलं तरी उपयोग नाही’ हे अनुभवातून शिकून हातपाय गाळणं, ही कल्पना मिळाली.

ही गोष्ट पुष्कळांनी ऐकलेली असते. तिचा उत्तरार्ध फारसा कोणी सांगत नाही. जवळपास 50 वर्षांनी, 2016 साली, याच दोघांनी मेंदूच्या अभ्यासाच्या आधारे स्वतःचंच म्हणणं उलटं केलं. दीर्घकाळ नकोसं काही घडत राहिलं की गप्प होऊन बसणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे. ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते ‘माझ्या करण्याने फरक पडतो’ हे. म्हणजे संकटात ज्याचे हातपाय गळतात तो दुबळा नसतो. त्याचा मेंदू जे आपोआप करतो तेच करत असतो. स्वतःला दोष देण्यात जाणारी निम्मी शक्ती इथेच वाचवता येते.

आता कामाचं बोलू. समजा, आपला विभाग बंद होणार असं कळलंय आणि कोणाला ठेवणार, कोणाला काढणार, ते सहा आठवड्यांनी ठरणार आहे. एक कागद घ्या. दहा मिनिटं मनात येईल ते सगळं लिहा, क्रम लावू नका. मग प्रत्येक ओळीचं क्रियापद बघा. आपली भाषा इथे फार मदत करते. ‘येईल, मिळेल, होईल, सुधारेल’ असा शेवट असेल तर ती गोष्ट आपल्या हातात नाही. ‘लिहीन, विचारीन, मोजीन’ असेल तर आहे. मधोमध रेघ मारून दोन बाजू करा.

चूक कुठे होते? ‘नवी नोकरी मिळवीन’ हे वाक्य ‘करीन’च्या बाजूला जाऊन बसतं. कर्ता ‘मी’ असल्यामुळे फसायला होतं, पण नोकरी देणारा दुसराच असतो. असं वाक्य फोडायचं: मंगळवारपर्यंत अर्जाचा मसुदा लिहीन, दोन जुन्या सहकाऱ्यांना फोन करीन, घरखर्चाचा किमान आकडा काढीन. हा शेवटचा आकडा काढायला तासभर पुरतो. मागच्या तीन महिन्यांची बँकेची विवरणं घ्यायची; घर, जेवण, औषधं, मुलांचं शिक्षण, प्रवास आणि टाळता न येणारे हप्ते एवढेच खर्च धरायचे आणि महिन्याची सरासरी काढायची. हाताशी असलेल्या बचतीला त्या आकड्याने भागलं की किती महिने निघतील ते कळतं. उत्तर छोटं आलं तरी काढाच. धूसर भीतीपेक्षा ठाम आकड्याशी झुंजणं सोपं जातं.

दुसरी चूक अशी, की उत्साहाच्या भरात ‘करीन’च्या बाजूला वीस ओळी होतात. त्यातल्या दोनच निवडा आणि समोर वार लिहा. दर आठवड्याला कागद पुन्हा काढा, कारण परिस्थिती हलते आणि काल हाताबाहेर होतं ते आज हातात येऊ शकतं.

निवडलेल्या दोन ओळीही राहून जातात, कारण त्या कधी करायच्या ते ठरलेलं नसतं. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी यावर साधा उपाय अभ्यासला: ‘जर अमुक झालं, तर मी तमुक करीन’ अशी वाक्यं. जर-चा भाग डोळ्यांना दिसेल असा हवा. ‘वेळ मिळाला तर फोन करीन’ हे वाक्य निरुपयोगी, कारण वेळ मिळाल्याची घंटा वाजत नाही. ‘सकाळचा चहा संपवून कप खाली ठेवला, की फोन करीन’ हे चालतं.

मग ‘होईल’च्या बाजूचं काय करायचं? ती ओळ खोडून मनातून जात नाही. काळजीवर संशोधन करणारे थॉमस बोर्कोवेक आणि त्यांचे सहकारी यांनी 1983 साली एक पद्धत मांडली: काळजीला रोज अर्धा तास द्यायचा, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी. दिवसभरात मनात आलं की एका शब्दात टिपायचं आणि ‘साडेसहाला बघू’ म्हणून हातातल्या कामाकडे वळायचं. ही जागा पलंग नसावी आणि वेळ झोपेच्या तोंडावरची नसावी. नाहीतर पाठ टेकली की काळजी सुरू, अशी गाठ पडते. हातात पेन हवंच. नुसतं बसलात तर तेच ते चक्र फिरत राहतं. सुरुवातीचे काही दिवस विचार पुन्हा पुन्हा घुसतील. तरी पद्धत सोडू नका.

काही प्रसंगांत ‘करीन’ची बाजू जवळजवळ रिकामीच राहते. जवळच्या माणसाचं दुखणं, मृत्यू. तिथे स्वतःला सावरणं हेच काम. रिचर्ड लाझारस आणि सुझान फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी 1984 मध्ये हा भेद नीट मांडला: प्रश्न सोडवण्याचे प्रयत्न वेगळे आणि भावना सांभाळण्याचे वेगळे. बदलता येईल तिथे नुसती मनाची समजूत घालत बसणं जितकं चुकीचं, तितकंच न बदलणाऱ्या भिंतीला धडका देणंही. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते: कामाच्या ठिकाणी अन्याय होत असेल, तर ‘जुळवून घे’ हा सल्ला देऊ नका. तिथे तक्रार लिहिणं हे ‘करीन’च्या बाजूला येतं.

दुःखात असलेल्याला ‘बोल, मोकळा हो’ असं आपण मायेनेच म्हणतो. पण आघातानंतर लगेच, एकाच बैठकीत सगळं बोलायला लावण्याचा फायदा संशोधनात दिसलेला नाही; काही अभ्यासांत नुकसानच दिसलं. ज्याला बोलायचंय त्याचं जरूर ऐका. जो बोलत नाही त्याला ढोसू नका. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज बोनॅनो यांचं काम सांगतं, की मोठ्या नुकसानीनंतरही पुष्कळ माणसं आपलं रोजचं आयुष्य चालवत राहतात. त्यांनी दुःख दाबलंय असा अर्थ लगेच काढू नये. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप-भूक बिघडलेली, रोजची कामं अडलेली, असं असेल तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार असतील तर त्याच दिवशी, आणि त्या माणसाला तोवर एकटं सोडायचं नाही.

आता पुन्हा त्या कुत्र्यांकडे येते. बसून राहिलेल्यांना कसं उठवलं? पलीकडून हाका मारून पाहिल्या, खाऊ टाकून पाहिला, त्याने काही साधलं नाही. शेवटी गळ्यात दोरी बांधून त्यांना पुन्हा पुन्हा पलीकडे ओढून नेलं. सुरुवातीला पुष्कळ जोर लावावा लागे, मग कमी कमी, आणि शेवटी ते आपणहून जाऊ लागले. पायांनी वाट केली तेव्हा मेंदूला पटलं.

म्हणून ‘काही लागलं तर सांग’ म्हणून निघू नका. ती लांबून मारलेली हाक झाली. ज्याचे हातपाय गळलेत त्याला काय लागतंय तेही सुचत नसतं. ‘मंगळवारी सहाला मुलांना क्लासहून मी आणते’ असं सांगा. अर्ज भरायचा असेल तर शेजारी बसा. पहिला अर्ज तुम्ही टाइप करा आणि त्यांनी माहिती सांगावी. दुसरा त्यांनी टाइप करावा, तुम्ही नुसतं बसा. तिसऱ्याच्या वेळी फोनवर असा. चौथ्यानंतर ‘पाठवलास का?’ एवढंच विचारा, आणि ‘हो’ म्हणाले, की पाचवा त्यांच्यावर सोपवा.